वेणूची मूठ

आमच्या शेजारच्या हेप्झिबाबाई मुंबईतली नर्सची नोकरी सोडून पनवेलला परतल्या आणि हातापायांनी अधू पोरं ओटीवर जमवून बसल्या. व्यायाम म्हटलं की पोरं रडत, म्हणून बाई त्यांना शेंगा सोलायला, पीठ तिंबायला लावत.

मिठागरावर राबणारी हौसा आपल्या लेकीला, वेणूला, आणायची. सात वर्षांच्या वेणूच्या मुठी उघडतच नसत. त्या उघडाव्यात म्हणून हौसा दर सोमवारी उपास धरी.

एका सोमवारी दुपारी बाईंकडे नवसाचा मलिदा होता. भिजवलेल्या पोह्यांत गूळखोबरं कालवायला बाईंनी वेणूलाच बसवलं. निम्मं जमिनीवर सांडलं. ताट तयार झाल्याशिवाय प्रार्थना नाही, त्यामुळे आम्ही सगळे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, पाहुणे भुकेले ताटकळलो. माझे काका मदतीला उठले.

"खबरदार! देवाला घाई नाही, तुम्हालाच आहे," बाई कडाडल्या.

अखेर प्रार्थना झाली. वेणूनं मलिदा मुठीत घेतला, आईच्या तोंडाशी नेला आणि एकेक बोट उघडलं.

"आज माजा उपास हाय, बाय," हौसा पुटपुटली.

"कशासाठी धरलायस तो?" बाईंनी विचारलं.

हौसानं वेणूच्या हातचा घास घ्यायला तोंड उघडलं.