घड्याळ खिशात गेले तेव्हा

सुहृदहो, निवृत्तीनंतर आज प्रथमच आमच्या नर्सिंग कॉलेजात गेले. रबरी बाहुलीवर सलाईन लावण्याची परीक्षा चालली होती. मुरगूडच्या एका मुलीची सुई दोनदा चुकली.

"आणखी एकदा चुकलीस तर नापास," तरुण शिक्षिका म्हणाल्या. "चुकतेस कशामुळे?"

"मॅडम, तुमी घड्याळ घिऊन डोस्क्यावर हुभ्या ऱ्हाता की!"

शिक्षिकांनी घड्याळ खिशात घातले आणि त्या स्टुलावर बसल्या. "कर सावकाश." सुई नीट बसली.

मला नव्वदच्या दशकातल्या आमच्या प्राचार्या, मोठ्या बाई, आठवल्या. बाहुली नव्हती, तेव्हा पट्टी बांधण्याच्या सरावाला त्या स्वतः रुग्ण होऊन खाटेवर निजत. उठताच विचारीत, "पोरींनो, माझं शिकवणं कुठं कमी पडलं?" अध्ययनापूर्वीच्या शांतिमंत्रातही 'आम्हा दोघांचे रक्षण होवो' अशी प्रार्थना गुरुशिष्य दोघांसाठीच असते.

शिक्षकबंधुभगिनींनो, मोठ्या बाईंचा हा प्रश्न आपण विद्यार्थ्यांना कधी विचारला आहे?