विहिणींच्या पंगतीत राहून गेलेलं नाव

शहाद्यापासून तळोद्यापर्यंत हल्ली एकही लग्न ‘मगनकाका’शिवाय पार पडत नाही. डीजेवाला ते गाणं लावतो, पोरं धुळीत लोळण घेत नाचतात, आणि घराबाहेर गप्पा छाटत बसणाऱ्या नवऱ्यांना त्यांच्या बायका कोपरानं ढोसतात. सगळ्यांना ते एका उडाणटप्पू नवऱ्याचं गाणं वाटतं. भूमिका कुणाचा गैरसमज दूर करायला जात नाही. गाणं तिचंच आहे. त्यानंतर तिनं बरीच गाणी लिहिली, दोन-चार गाजलीसुद्धा, पण विचारतात ते याच गाण्याबद्दल.

सारंगखेड्याच्या जवळच, तापीकाठी तिचं गाव. वडील चुनीलाल केळी आणि कापूस पिकवतात. घर गुजर पाटलांचं, त्यामुळे माजघरात गुजराती वळणाची बोली, ओट्यावर अहिराणी आणि कॉलेजात मराठी. भूमिकाला तिन्ही भाषांत उलट उत्तर देता यायचं. आई सरलाबाईंच्या मते पोरीचा तेवढाच एक गुण होता, आणि तो सासरी काही कामाचा नव्हता.

मोठ्या बहिणीचं, सीमाचं लग्न ठरलं तेव्हा मात्र हाच गुण उपयोगी पडला. वऱ्हाडासाठी बुफे असला तरी विहिणींची पंगत पाटावर बसवूनच व्हायची. विहिणी जेवायला बसल्या की मुलीकडच्या बायकांनी त्यांना गाण्यातून चिडवायचं. एकेकीचं नाव घ्यायचं, तिच्या नवऱ्याचं नाव जोडायचं आणि दोघांची भरपूर शोभा करायची. जिला जास्त चिडवलं तिचा मान मोठा. जुन्या गाण्यांत नावं तेवढी बदलत, दोष पिढ्यान्‌पिढ्या तेच. भूमिकाला त्याचा कंटाळा आला होता. नवरदेव भावेशच्या घरची माहिती काढून तिनं ताजं गाणं रचलं.

पंगत बसली आणि गाणं रंगलं. सासू शांतीबाईंचा नवरा बाजारात भाव विचारायला जातो आणि कापसाच्या गाडीत झोपून परत येतो, यावर खुद्द शांतीबाईंना ठसका लागला. मावससासूच्या नवऱ्यानं सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेतून ऐटबाज घोडा आणला, पण घोडा काही त्याला पाठीवर बसू देत नाही, यावर तर वाढपीही थांबले. भूमिकाला आपलंच कौतुक वाटत होतं. अशा वेळी ते वाटतंच.

पंगतीच्या टोकाला नानीबाई बसल्या होत्या. भावेशची काकी. त्यांचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घराच्या चाव्या शांतीबाईंकडे असल्या तरी स्वयंपाकघर नानीबाईंच्या हातात, म्हणजे उद्यापासून सीमाचा दिवस त्यांच्याच शेजारी जाणार होता. त्यांच्यावर भूमिकानं काहीच रचलं नव्हतं. विधवेची कुणी थट्टा करतं का, असं सरलाबाईंनी बजावलं होतं, आणि भूमिकालाही ते पटलं होतं. फटकळ पोरगी एकदाच आईच्या शहाण्या सल्ल्यानं वागली, आणि तिथंच घोटाळा झाला.

गाणं सरकत सरकत टोकाला आलं. नानीबाईंनी पदर सारखा केला, मान थोडी वर केली. शेजारणीवरचं कडवं संपलं आणि बायकांनी पुन्हा शांतीबाईंपासून सुरुवात केली. नानीबाईंनी हातातला घास ताटात ठेवला आणि ताटावर आडवा हात धरला.

सरलाबाई धावल्या. “काय कमी पडनं, इहीनबाई?”

“काही नही. मन्ही बारी उनी नही, इतलंच.” पाळी आली नाही, एवढीच त्यांची तक्रार.

गाणं थांबलं. पंगतीतली एक विहीण उठली की सगळ्या उठणार, आणि विहिणी उपाशी उठल्या हे सीमाला जन्मभर ऐकावं लागणार. हे तिथं प्रत्येकीला कळत होतं. सरलाबाई रडकुंडीला आल्या. “तुमले दुख व्हई म्हनीसन भूमिकानी कडवं कयं नही.”

“दुख मन्हं शे, मी देखसू,” नानीबाई म्हणाल्या. “तुम्ही गानं म्हना.”

भूमिकाचे कान तापले. आपण दया दाखवली असं तिला वाटत होतं. प्रत्यक्षात तिनं या बाईला जेवायला बसवूनही विहिणींत मोजलंच नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. ती नानीबाईंच्या पाटासमोर जमिनीवर बसली.

“काकी, काका कसा व्हतात? कसावरथून चिडवू?”

नानीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या.

“पानीनी मोटार चालू करीसन आत्तेच येस, असं सांगेत आनि तापीकाठे गप्पा मारत बसेत. भाकर थंडी व्हई जाये. रोजनं तेच.”

भूमिकाला विचार करायला सवड नव्हती. तिनं टाळी धरली आणि सुचेल तसं म्हणत गेली:

काका सांगी गया, आत्तेच येस,
नानी भाकर लई वाट देखस.
घर येवू द्या त्याले, लाटनं शे हातमा,
इतला उशीर का व्हस गप्पा मारामा?

एकाही बाईनं साथ धरली नाही. सरलाबाईंनी डोळे मिटून घेतले. मेलेल्या माणसाला उशीर केल्याबद्दल कुणी रागवत नाही, निदान विहिणींच्या पंगतीत तरी नाही. सीमाचं सासर आपण पहिल्याच दिवशी नासवलं, असं भूमिकाला वाटलं.

नानीबाईंचे खांदे हलू लागले. त्या रडताहेत असं समजून शांतीबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या हसत होत्या. इतकं हसत होत्या की पदरानं डोळे पुसावे लागले, आणि मग डोळे काही कोरडे होईनात.

“बराबर,” त्या म्हणाल्या. “लाटनंच पाहिजे त्याले.” मग हसू आवरून म्हणाल्या, “पन नाव कोठे शे? नाव ना लेता चिडवतस का कोनी?”

“नाव माले माहीत नही, काकी.”

माहीत असणार कसं? बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, आणि नवरा गेल्यावर तिला उखाणा कुणी विचारत नाही. घरात त्यांचा विषय निघाला तरी सगळे ‘नानीचा मालक’ म्हणून भागवत. शांतीबाई नाव सांगायला पुढे झाल्या, तशी नानीबाईंनी त्यांना हातानं अडवलं.

“मी सांगस,” त्या म्हणाल्या.

त्यांनी ताटावरचा आडवा हात काढून घेतला.

“मगन,” त्या म्हणाल्या. मग सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं, “मगनलाल. आते म्हन, पहिलेपाईन.”