पाण्यातल्या माणसाचा ड्रेस

काउंटरवर काहीतरी धपकन पडलं की मान वर न करताही मला कळायचं, कोण आलंय. खाटकानं ओट्यावर बोकड टाकावा तसा तो आपला रबरी ड्रेस माझ्यासमोर टाकायचा आणि म्हणायचा, "ताई, आपण पाण्यातला माणूस. आपल्याला फकस्त चिकटवायचं काय ते द्या. शिकवू नका."

केडगाव स्टेशनच्या अलीकडे माझं पाइप-फिटिंगचं दुकान आहे. पाइप, व्हॉल्व्ह, पंपाचं सामान, सगळ्या जातीची चिकटवणं. नळाची चकती मागायला येणारा माणूसही मला पाण्याचा दाब समजावून जातो, त्यामुळे शहाण्यांची मला सवय आहे. तरीही हा वेगळा होता.

तुमच्याही गावात असा एक असणारच. त्याच्याकडे अशी एक वस्तू असते जी पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाकडे नसते आणि तिच्या जोरावर तो उरलेलं आयुष्य काढतो. कुणाकडे परवान्याची बंदूक असते, कुणाकडे दुर्बीण. ह्याच्याकडे ड्रायसूट होता. गळ्याला आणि मनगटांना पातळ रबराच्या घट्ट पट्ट्या, पायांना जोडूनच आलेले बूट, छातीवर आडवी चेन. सूट धड असेल तर आतला माणूस कोरडा राहतो. मुंबईच्या एका भंगारवाल्याकडून त्यानं तो उचलला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी सांगताना कधी तो नेव्हीच्या साहेबानं बक्षीस दिलेला असायचा, कधी जर्मनीहून आलेला.

आमच्या भीमेला असल्या ड्रेसची गरज पडते, हे खरं आहे. वरून मुळा-मुठा शहराची सगळी घाण घेऊन येते. जलपर्णी येते, फेस येतो, पिशव्या येतात. नदीकाठच्या जॅकवेलमध्ये, म्हणजे पंपासाठी बांधलेल्या खोल विहिरीत, हा सगळा माल जाऊन पंपाच्या नळीच्या तळाशी असलेल्या झडपेला, फूटव्हॉल्व्हला बसतो. तो मोकळा करायला कुणालातरी तळाशी जावं लागतं. उघड्या अंगानं उतरणारे नंतर आठवडाभर खाजवत बसतात. हा मांडवगणच्या बाजूचा, नदीपलीकडचा. कॉम्प्रेसरची नळी तोंडात धरून तो उतरायचा आणि वर आल्यावर आधी फोटो काढून घ्यायचा. "आमच्या सात पिढ्या मेंढरामागं गेल्या, ताई. पाण्यात उतरलेला मी पयला." एका फ्लेक्सवर तर तो ड्रेस घालून, वर काळा गॉगल लावून उभा होता. खाली 'वाढदिवसाच्या शुभेच्छा'. पोहायला मात्र त्याला बेताचंच यायचं.

पुढे ड्रेस गळायला लागला. पहिल्यांदा त्यानं पंक्चरचं सोल्युशन लावलं आणि ट्यूबचा तुकडा बसवला. ट्यूबला वरून टायर दाबून धरतं, ह्याच्या गुडघ्याला कोण धरणार? तुकडा तरंगत वर आला. मग झटपट चिकटणारं लावलं. ते वाळल्यावर काचेसारखं होतं, माणूस वाकला की तडकतं. तडकलं. मग पाण्याच्या टाकीच्या भेगा बुजवायला लावतात ती लांबी, तो घट्ट लगदा, आणली आणि डाव्या टाचेवर थापली. टाचेला ओटा बांधल्यासारखं दिसत होतं. ती चालताना टकटक वाजायची आणि त्याला त्यातही रुबाब वाटायचा.

"ह्यातलं एकही ह्याच्यासाठी नाही," मी सांगितलं.

"ताई, तुम्ही कवा उतरलाय का पाण्यात?"

त्या दिवशी त्याची बायको बरोबर होती. एरवी ती दुकानाच्या पायरीवरच थांबायची. ती आत आली आणि त्याच्याकडे न बघता माझ्याशी बोलली. "ताई, ह्यांना साखर हाय. डॉक्टर म्हणलं, पायाला जखम आसंल आन् ह्ये पाणी लागलं, तर पाय ठेवायचा न्हाई. टाचंला ह्या एवढ्या भेगा हायत्या."

"डॉक्टर तरी कवा उतरलाय पाण्यात?" तो म्हणाला.

मला त्याचा राग आला होता, पण पाय त्याच्या एकट्याचा नव्हता. त्या घरचं दळणसुद्धा त्याच पायांनी गिरणीत जायचं. मी शटर अर्धं ओढलं आणि दोघांना ड्रेससकट मागच्या अंगणात नेलं.

मनगटांत पाइपाच्या टोप्या बसवल्या, गळ्यात लोणच्याची बरणी घातली, वरून पट्ट्या आवळल्या आणि पंपानं हवा भरली. दोरीला टांगलेला ड्रेस फुगून उभा राहिला. डोकं नसलेला माणूस, पण मालकापेक्षा समजूतदार दिसत होता. साबणाचा फेस लावला. जिथं जिथं बुडबुडा आला तिथं खडूनं गोल केला. काखेत दोन ठिकाणी आणि लांबी खरवडून काढल्यावर डाव्या टाचेच्या शिवणीवर बोटभर.

"ह्येवढंच?" तो म्हणाला.

पुण्याहून मी एक गोंद मागवून ठेवला होता. वाळल्यावरही रबरासारखा वाकतो, पाण्याला दाद देत नाही. ट्यूब त्याच्या बायकोच्या हातात दिली, कारण ती ऐकत होती. "जागा स्पिरिटनं पुसायची, पॉलिश पेपरनं घासायची, पुन्हा पुसायची. गोंद पातळ लावायचा. मग सावलीत रात्रभर ठेवायचं आणि बोट लावून बघायचं नाही."

"बोट लावल्याबगर कसं कळंल?" त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा धपकन आवाज आला. "तुमचा माल डुप्लिकेट हाय." दुधावरची साय निघावी तसा गोंद अख्खाच्या अख्खा निघून आला होता. त्यानं तो दोन बोटांत धरून दुकानातल्या गिऱ्हाइकांना दाखवला.

गिऱ्हाईक गेल्यावर मी ड्रेस ओढून घेतला. शिवण ओशट लागली. नाकाजवळ नेली तर आमटीच्या फोडणीचा वास. शेंगदाण्याचं तेल.

"ह्याला तेल लावता?"

"लावत न्हाई. पाजतो." तो अभिमानानं म्हणाला. "दर आमुशेला. गळ्याला, मनगटाला, शिवणीला. रातभर मुरू देतो. कालबी पाजलं, गोंद लावायच्या आधी. म्हटलं, मऊ पडंल."

मी शिवण पुन्हा नाकाजवळ नेली, तर त्याला वाटलं मला पटलंय.

"बा आमचा वहाणंला पाजायचा, ताई. मेंढरामागं नगरपातूर जायचा आन् यायचा. एक जोडी बारा वर्सं. घरात कालवणाला तेल नसायचं, पण वहाणंला आसायचं."

"ते चामडं होतं," मी म्हटलं. "चामड्याला तेल लागतं. रबराला तेल पाजलं की ते कुजतं. आणि तेल प्यालेल्या रबराला जगातलं कुठलंच चिकटवण धरत नाही." मी गळ्याची पट्टी अंगठ्यानं दाबली. अंगठा उचलला तर पाकासारखी तार आली.

त्यानं ती तार पाहिली. मग त्यानं पट्टीची सुरकुती बोटानं नीट केली, आजारी जनावराचा कान सरळ करावा तशी.

"हा आता अंगात घालायचा नाही," मी म्हटलं.

"उद्या जॅकवेल हाय. गावाला शबुद दिलाय."

"गेलात तर पाय जाईल."

"बघू," तो म्हणाला आणि ड्रेस खांद्यावर टाकून निघाला.

मूर्खपणाला मी दुसरं नाव देत नाही. ट्रॅक्टरच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यानं गळा, मनगटं आणि घोटे आवळले आणि तो उतरला. व्हॉल्व्ह मोकळा केला, हेही खरं. पंप चालू झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले. मग ड्रेस काढला तर दोन्ही बुटांतून काळं पाणी भळभळून आलं. उघडा उतरला असता तर वर आल्यावर पाय धुता तरी आले असते. ड्रेसनं ती घाण भेगांपाशी साठवून ठेवली होती आणि फोटो संपेपर्यंत हा तीत उभा राहिला.

टाच सुजली, मग काळी पडली. दौंडच्या दवाखान्यात पाय घोट्याच्या वर कापला.

मधल्या काळात माझ्या दुकानात लोक विचारू लागले, "तुमच्या गोंदानं पाय घालवला म्हणं त्याचा?" हे कुणी पसरवलं, ते विचारायची गरज नव्हती. मी म्हणायचे, "घ्यायचा तर घ्या, नाहीतर ठेवा खाली." तेलाचं सांगितलं असतं, तर नदीच्या दोन्ही काठांना वर्षभर पुरेल एवढं हसू झालं असतं आणि ते त्याच्या बापापर्यंत गेलं असतं. बाप आपल्या वहाणांपुरता बरोबर होता.

एका रविवारी चर्चमधून परस्पर दौंडला गेले. फळं नेली नाहीत, जाब विचारायला गेले होते. तो शेजारच्या खाटेवरच्या माणसाला पाण्याखाली श्वास कसा घ्यायचा ते शिकवत होता. चादर डाव्या बाजूला लवकर संपत होती. मला पाहून तो थांबला. बायकोनं मला स्टूल दिलं आणि ती चहा आणायला बाहेर गेली.

"त्या तेलाचं कुणाला बोलला न्हाई तुम्ही," तो हळूच म्हणाला.

"नाही."

"का?"

"दुकानात वेळ नसतो."

त्यानं चादर डाव्या बाजूला नीट ओढली. "एक बरं झालं, ताई. आता गळती निम्म्यावर आली."

"मूर्ख आहात तुम्ही."

"व्हय," तो म्हणाला.

पुढे तो शिरूरला लेकीकडे राहायला गेला. ह्या वर्षी जॅकवेल पुन्हा तुंबली. गावानं माझ्याकडून जाड दोर आणि लोखंडी आकडा नेला. आकडा धड बसतोय का, ते बघायला मी काठावर गेले होते. पंधरा-वीस माणसं दिवस कलेपर्यंत वरूनच ओढत होती. जलपर्णीच्या गाठी वर येत होत्या, व्हॉल्व्ह हलत नव्हता. आत उतरायचं नाव कुणी काढत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, "तो असता तर," आणि कुणीच हसलं नाही.