चिऊचं सामान आणि चार गाड्या

माझ्या मुलीचं सामान बुऱ्हाणपूरहून इंदूरला पोचायला नऊ दिवस लागले. रस्ता पाच तासांचा आहे. (बाकीचा उशीर मी केला.)

मी कागदाच्या कारखान्यात एकतीस वर्षं गेटवर होतो. माल भरायला येणाऱ्या ट्रकचे कागद तपासायचे, हे माझं काम. आरसी, फिटनेस, विमा, परमिट. सगळं बरोबर असेल तर गाडीच्या मागच्या फाळक्यावर खडूने बरोबरची खूण, नसेल तर फुली. फुलीची गाडी आत येत नसे, मग मालक कितीही मोठा असो. रिटायर होताना मला शाल-नारळ मिळाला आणि खडूचा एक डबा मी मागून घेतला. आता तर मोबाईलच्या ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की तिची सगळी कुंडली समोर येते. सिंधीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत उभ्या राहणाऱ्या प्रत्येक गाडीचा विमा कधी संपतो हे मला तोंडपाठ आहे. त्यामुळे गल्लीत माझ्याशी कोणी फारसं बोलत नाही.

तर आमच्या चिऊला इंदूरच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली. एकुलती एक मुलगी. दहा दिवसांत हजर व्हायचं होतं, नाही झाली तर यादीतल्या पुढच्या मुलीला घेणार होते. तिने खोली बघून ठेवली होती, पण खोलीत एक खिळासुद्धा नव्हता. मंगलने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, एका दिवसात पलंग खोलला, कपाट, गादी, शेगडी आणि लोणच्याच्या तीन बरण्या बांधून तयार ठेवल्या. गाडी तेवढी ठरवायची होती. ते काम मी मोठ्या हौसेने अंगावर घेतलं आणि तिथेच घात झाला.

पहिल्या गाडीचा विमा दोन दिवसांपूर्वी संपलेला निघाला. फुली. मालक म्हणाला, संध्याकाळपर्यंत करून आणतो. एकतीस वर्षांत असा संध्याकाळपर्यंत कोणी करून आणलेला मी पाहिला नव्हता.

दुसऱ्या गाडीचे कागद ठीक होते. पण गाडी म्हणजे काही एकटी नसते, तिच्यामागे ट्रान्सपोर्ट असतं. मी त्या ट्रान्सपोर्टच्या अकराही गाड्यांचे नंबर मिळवले आणि एकेक करून तपासले. त्यातल्या एकीचं फिटनेस संपलं होतं. ती गाडी आमच्याकडे येणारच नव्हती, ती तेव्हा फोपनारला केळी भरत उभी होती. तरी मी म्हटलं, घराणं बघावं लागतं.

मालक हात जोडून म्हणाला, "काका, तुमी पलंग भेजून राहिले का पोरीचं लगन जमवून राहिले?"

फुली.

इकडे घरात पलंग खोललेला, म्हणून आम्ही तिघं चटईवर. शेगडी बांधलेली, म्हणून मंगल शेजारणीच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटून आणायची. सहाव्या दिवशी तिने एका बरणीचं तोंड सोडलं आणि माझ्या ताटात नुसतं लोणचं वाढलं.

सातव्या दिवशी तिसरी गाडी आली. तिच्याबद्दल मी आजवर कोणाला खरं सांगितलेलं नाही. कागद चोख. ट्रान्सपोर्टच्या सगळ्या गाड्या चोख. ड्रायव्हरकडे औषधांची पेटीसुद्धा होती, आणि तिच्यातली औषधं मुदतीतली होती! मी गाडीला तीन प्रदक्षिणा घातल्या. चिऊ पाण्याची बाटली घेऊन दारात उभी होती, शाळेत जाताना माझ्या स्कूटरची वाट बघत असायची तशी. मी घसा खाकरला, म्हणालो, परमिट संपलंय, आणि फुली मारली. ड्रायव्हर काही बोलणार होता, पण चिऊने त्याला हातानेच थांबवलं.

दुपारी ती माझ्याजवळ चटईवर येऊन बसली.

"पप्पा, परमिट तर चालू आहे त्याचं. मी चेक केलं."

मी म्हटलं, मोबाईलवर कधी कधी चुकीचं दिसतं.

"नको जाऊ का मी? सीधं सांगून द्या ना."

ती रागावली असती तर मी वाद घातला असता. पण तिने खरंच विचारलं होतं. मी हो म्हटलं असतं तर ती राहिली असती, हे मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं आणि माझी मलाच लाज वाटली. मी म्हटलं, जा बाई. उद्याच गाडी आणतो.

उद्याची गाडी परवा आली, नवव्या दिवशी. छोटी पिकअप. कागद चोख. सामान चढलं, फाळका लागला. सगळे माझ्याकडे बघत होते. खडू काढायला माझा हात काही खिशात जाईना. शेवटी चिऊनेच डब्यातून खडू आणून माझ्या हातात ठेवला. मी बरोबरची खूण केली. ती वाकडी आली.

मंगलने चाकाखाली लिंबू ठेवलं, चिऊ ड्रायव्हरशेजारी बसली, पिकअप निघाली आणि असीरगढपर्यंत पोचवायला म्हणून मी स्कूटरवर मागे लागलो. किल्ल्याच्या पायथ्याशी पोलिसांची तपासणी होती. पिकअप सुटली. मला थांबवलं. शिपायाने तेच ॲप उघडलं, माझ्या स्कूटरचा नंबर टाकला आणि मोबाईल माझ्यासमोर धरला.

"अंकल, इसका रजिस्ट्रेशन खतम हुए दो साल हो गए. बीमा तो उससे भी पहले का है."

चिऊला शाळेत सोडायला घेतलेली स्कूटर ती. गावभरच्या गाड्यांचे नंबर टाकून पाहिले, हा एक टाकायचं कधी सुचलं नाही. आता एक पाऊलही चालवायची नाही, असं शिपायाने बजावलं.

आरशात मी दिसेना म्हणून पुढे गेलेली पिकअप परत मागे आली. चिऊ हसेल असं वाटलं होतं, पण तिने फक्त फाळका उघडायला लावला. कपाट आणि लोणच्याच्या बरण्यांच्या मधे स्कूटर चढली.

"पप्पा, बसा," ती म्हणाली.

मी आधी ड्रायव्हरकडून आरसी मागून घेतली. केबिनमध्ये तीन जण चालतात असं तिच्यात लिहिलेलं होतं, मगच बसलो.

इंदूरला चार दिवस राहिलो, पलंग जोडून दिला. पाचव्या दिवशी चिऊ मला बसला सोडायला आली. पहिली बस लागली तेव्हा तिने मोबाईलमध्ये बसचा नंबर टाकला, मान हलवली, म्हणाली, फिटनेस संपलंय. ती बस गेली. मी हळूच माझ्या मोबाईलवर पाहिलं, तर बसचं फिटनेस पुढच्या वर्षापर्यंत होतं. मी मोबाईल खिशात टाकला. आम्ही बाकावर बसून शेंगदाणे खाल्ले.

स्कूटर अजून तिच्याच खोलीखाली उभी आहे. रजिस्ट्रेशनचं काम निघालंय, असं मंगलला सांगून मी दर पंधरा दिवसांनी इंदूरला जातो. अर्ज अजून भरलेला नाही. एकतीस वर्षांचा अनुभव आहे माझा, ही कामं घाईत करायची नसतात.