पडणाराच दात

मांजरी गावच्या आमच्या सासूबाईंना, मुक्ताईंना, प्रश्न पडला की समोरच्याची सुटका नसते. गॅसवाला आमच्या दारातून पळतच सुटतो, तो उगाच नाही. हसताना मात्र त्या तोंडावर पदर घेतात. मला वाटायचं, जुन्या वळणाची सवय.

परवा माझ्या सहा वर्षांच्या प्रियदर्शनीच्या दाढेत पू झाला, म्हणून आम्ही तिघी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दाढ साफ करून आत अँटिबायोटिकचा लेप भरला आणि वरून दातांच्या सिमेंटने बंद केली.

"गोळ्या दिल्या असत्या की," सासूबाईंनी सुरुवात केली.

"दाढ आतून मेली आहे, आजी. तिथे रक्तच जात नाही, तर गोळी कशी पोचणार?"

"मग उपटायची! दुधाचीच हाय, पडणारच."

"खालची पक्की दाढ यायला अजून वर्षं आहेत. तोवर ही जागा धरून ठेवते. आत्ता काढली तर शेजारचे दात सरकतात, आणि नवा मिळेल तिथून वाकडा येतो."

पुढच्या प्रश्नाऐवजी सासूबाईंचं बोट पदराआड वरच्या ओठावर गेलं. मी चमकून पाहिलं.

रिक्षात त्यांनी माझा मोबाइल मागितला, कॅमेरा स्वतःकडे वळवून घेतला आणि आ केला. वरचा एक सुळा हिरडीतून आडवा निघालेला होता.

"लहानपणी बानं दुखरी दुधाची दाढ उपटून पत्र्यावर भिरकावली व्हती," त्या सुळ्यावर बोट ठेवून म्हणाल्या. "जन्मभर ह्याला झाकला. वाटायचं, ह्योच वाकडा. ह्याला जागाच नव्हती गं."