सुपारीचं ऊन

आमचं घर श्रीवर्धनला, सुपारीच्या वाडीत. झाडं इतकी दाट की भर दुपारीही ओटीवर दिवा लावावासा वाटतो. ऊन पडतं ते फक्त मागच्या खळ्यात, आणि ती जागा सुपारीची. सुपारी वाळत असताना तिथे कपडेही टाकायचे नाहीत, ही घराची रीत. माणसं सावलीत.

गुडघे धरल्यापासून सासूबाई ओटीवरच बसून असत. त्यांच्या गोळ्यांचं सगळं मी बघायची. सकाळी रक्तदाबाची, रात्री कॅल्शियमची. एकही चुकली नव्हती. तरी गेल्या हिवाळ्यात त्यांचं बिनसलं. बोटांना मुंग्या, पायांत गोळे, मग बोलण्यातच घोळ. ओली सुपारी सुकीत टाकायच्या. एकदा मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?"

"तुमच्याकडचीच," मी हसून म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिले. नवरा म्हणाला, "वय झालं तिचं." मलाही तेच वाटत होतं. आता हे किती वर्षं, एवढाच विचार मनात. दमले होते मी.

मुंग्या थांबेनात म्हणून डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, तर कॅल्शियम फार कमी. मी गोळ्यांची डबीच डॉक्टरांपुढे ठेवली. "रोज देते हो!"

"देता, पण अंगी लागत नाही. ड जीवनसत्त्व नसलं की आतडी कॅल्शियम नीट उचलत नाहीत. रक्तात ते घसरलं की नसा आणि मेंदू, दोन्ही गोंधळतात. उन्हात बसतात का?"

"वाडीत ऊन कुठलं?"

"मग सुपारी कशी वाळते?"

त्यांनी कॅल्शियमची इंजेक्शनं दिली, आठवड्यातून एकदा घ्यायची ड जीवनसत्त्वाची पुडी लिहून दिली. "किती सुधारेल ते आत्ता सांगत नाही. थोडं वयाचंही असेल."

घरी येऊन मी खळ्यातली सुपारी एका अंगाला लोटली आणि खुर्ची मांडली. सासूबाई बसायला तयार होईनात. "सुपारीची जागा ती. मला काय वाळत घालतेस?" रोज तोच वाद, रोज हाताला धरून न्यायचं, आणायचं. मुंग्या थांबल्या. घोळ मात्र रेंगाळला. सकाळी काय खाल्लं, ते अजूनही सांगता येत नाही.

परवा चहा घेऊन गेले, तर खुर्चीतूनच काठीने सुपारी चाळवत होत्या.

"सूनबाई, ही परतली नाहीस आज. खालून बुरशी धरेल ना!"

माझी कंबर भरून आली होती. चहा त्यांच्या हातात दिला आणि सुपारी परतायला बसले.