समज दिली, एवढंच लिहिलं होतं

बोरकुटे साहेब गेल्याचा निरोप कार्यालयाच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी नागभीडच्या बसस्टँडवर उभी होते. निरोपाखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. माझ्या मनात पहिलं काय आलं ते खरं सांगते... माझं बयान आता कोणाच्या हातात पडणार? माणूस गेला आणि मला कागदाची पडली होती. त्यांच्याबद्दल लिहायचं तर इथूनच लिहायला हवं, कारण दीड वर्ष मी त्यांच्या शेजारी बसून त्यांच्यावर पाळतच ठेवली.

आमच्या जंगलपट्टीतल्या जुन्या आश्रमशाळांमध्ये मुलांचा जो छळ झाला, त्याची शासनाने उशिरा का होईना दखल घेतली. सगळ्या खात्यांची मोट बांधून अहवाल करायचं काम साहेबांकडे आलं. त्या शाळांत शिकलेल्या बाया गोंडीत बयान म्हणजे जबानी देणार, म्हणून मला, एका प्राथमिक शिक्षिकेला, दुभाषी म्हणून घेतलं. मीही त्यातल्याच एका शाळेत सहा वर्षं राहिलेली. माझं बयान मी आपल्या हातानं मराठीत लिहून साहेबांना दिलं होतं. त्यांनी शाळांना पत्रं पाठवली, उत्तरं आली 'निरंक', म्हणजे तक्रारच नाही. साहेबांनी ती मुकाट्यानं फायलीला लावली. पहिली सुनावणी ठेवली तीही ऐन मोहफुलं वेचायच्या हंगामात, सगळ्या बाया जंगलात असताना. कोणी येऊच नये म्हणून हा डाव, असं मी तोंडावर बोलले. त्यांनी तारीख लगेच बदलली, तर मला त्याचाही संशय आला. सरकारी माणूस इतक्या लवकर ऐकतो कसा?

बयानं झाली. महिन्याभरानं त्यांच्या टेबलावर मी माझीच भाषांतरं पाहिली आणि माझं डोकं फिरलं. 'अधीक्षकांनी समज दिली' या वाक्यातले शेवटचे दोन शब्द पानोपानी लाल शाईनं खोडलेले. म्हणजे मारल्याचा उल्लेखच उडवला!

"साहेब, हे काऊन खोडलं?"

"सगळ्यायले परत बोलवा लागते, बाई. यावेळी दुसरा दुभाषी घेतो."

बस, एवढंच. दुसऱ्या फेरीला मी मागच्या बाकावर बसले. साहेब बायांना म्हणत, "बाई, बोलू नका, हातानं दाखवा." कमलाबाई आश्रमशाळेत माझ्याच वर्गात असलेली, आता नातवंडं असलेली. ती उठली, भिंतीकडे तोंड करून वाकली, दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि म्हणाली, "भाऊ, हे तं रोजचंच होतं." मी बाहेर निघून गेले. बायांची नक्कल करून घेतात, अशी लेखी तक्रार मी वर केली. साहेबांना बोलावणं आलं. ते जाऊन आले आणि त्यांनी मला विचारलं, "चहा घेता का?" मी घेतला नाही.

साहेब वारल्यावर तीन आठवड्यांनी नव्या अधिकाऱ्यांनी फाईल माझ्याकडे तपासायला दिली. पहिल्याच पानाच्या कडेला साहेबांचं अक्षर: 'समज म्हणजे ताकीद? की मार?' मी वाचतच राहिले. कचेरीच्या मराठीत समज देणं म्हणजे नुसती ताकीद देणं. आमचा अधीक्षक मात्र "ये, तुले समज देतो" म्हणत काठी उचलायचा, आणि मराठी आम्ही शिकलो ती त्याच्याच तोंडून. बाया गोंडीत बोलता बोलता तेवढा शब्द मराठीत बोलल्या आणि मी तो जसाच्या तसा उतरवला. इतकी वर्षं शिक्षिका आहे, पोरांच्या पालकांना स्वतः समज दिली आहे, पण त्या शाळेची गोष्ट निघाली की मला दुसरा अर्थ आठवतच नव्हता. प्रत्येकीच्या माराची ताकीद मीच केली होती. दुसऱ्या फेरीच्या पानांवर साहेबांनी लिहिलं होतं, 'हाताने दाखवले. काठी, पाठीवर.'

मग मला सांगितलं काऊन नाही? एका वाक्याचं तर काम होतं. याचा राग अजून गेलेला नाही. अहवाल निघेल यावर माझा भरवसा नाही, नव्या साहेबांवर तर मुळीच नाही, म्हणून सगळ्या पानांची झेरॉक्स काढून घरी ठेवली आहे.

फायलीत शेवटी माझं बयान होतं. 'मला तीन वेळा समज दिली.' त्यावर लाल रेघ नव्हती. कडेला पेन्सिलनं लिहिलं होतं, 'बाईंना विचारायचे आहे. आज नको.' त्याखाली निळ्या शाईत, 'आज नको.' त्याखाली पुन्हा पेन्सिल, 'आज नको.'

साहेबांच्या टेबलाशी बसून मी 'समज दिली' खोडलं आणि वर 'मारलं' असं लिहिलं. हात थांबेना. मग 'तीन वेळा' हेही खोडलं. तीन वेळा नव्हतं ते.